मदत हवी आहे: टेबलमधील ओळींचे क्रमांक सलग कसे ठेवावेत?

पोस्टग्रेस या डेटाबेसमधील एका टेबलमध्ये प्रत्येक यादीतील कामांचा क्रम मी स्वतंत्र कॉलममध्ये १ पासून सलग साठवतो (प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची स्वतंत्र ओळख, वेगळी आहे, तिला मी हात लावत नाही). सातवे काम तिसऱ्या जागी आणताना ३ ते ६ क्रमांकांच्या ओळींमध्ये एक मिळवावा लागतो. परंतु यादी आणि क्रमांक यांच्या जोडीवर युनिक बंधन (तीच जोडी दोनदा येऊ न देणारा नियम) असल्यामुळे, आणि ते प्रत्येक ओळ बदलताच तपासले जात असल्यामुळे, अपडेट मध्येच अडते. बंधन डिफरेबल (तपासणी लांबवता येईल असे) करून तपासणी ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे एकत्रच पूर्ण होणाऱ्या बदलांच्या गटाच्या, शेवटी ढकलणे मला योग्य वाटते. मात्र दोघांनी एकाच वेळी क्रम बदलल्यास यादीची मूळ ओळ आधी लॉक करणे (म्हणजे पहिल्याचे संपेपर्यंत दुसऱ्याला थांबवणे) पुरेसे ठरेल का? की क्रमांकांत फटी राहू देऊन, दाखवतानाच सलग आकडे काढणे अधिक शहाणपणाचे?