मदत हवी आहे: काखेतली गाठ मायलॉइड सारकोमा निघाली, पण बोन मॅरो स्वच्छ

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीची. थोरल्या भावाबद्दल विचारायचं आहे, वय ४१. चवथीला माटोळी बांधायला हात वर केला तेव्हा दादाला डाव्या काखेत काहीतरी अडल्यासारखं वाटलं. चाचपलं तर सुपारीएवढी गाठ. दुखत नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दिवाळीपर्यंत ती लिंबाएवढी झाली.

बायोप्सी केली, रिपोर्ट आला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. केमोची तारीखसुद्धा मिळाली होती. पण आमच्या डॉक्टरबाईंना शंका आली, कारण सीडी३ आणि सीडी२० हे लिम्फोमाचे नेहमीचे मार्कर (पेशींची ओळख पटवणारी प्रथिनं) दोन्ही निगेटिव्ह होते. त्यांनी त्याच ब्लॉकवर (मेणात जपलेल्या बायोप्सीच्या तुकड्यावर) आणखी मार्कर लावायला सांगितले. एमपीओ पॉझिटिव्ह, सीडी११७ही पॉझिटिव्ह. म्हणजे मायलॉइड सारकोमा: एएमएल या ल्युकेमियात ज्या पेशी वाढतात, त्यांचीच मज्जेबाहेर (बोन मॅरोबाहेर) झालेली गाठ. पूर्वी हिला क्लोरोमा म्हणायचे, कारण एमपीओ या एन्झाइममुळे ती कापल्यावर हिरवट दिसू शकते. बाईंनी थांबवलं नसतं तर दादाला भलत्याच आजाराची केमो सुरू झाली असती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

रक्त नॉर्मल, मॅरोत ब्लास्ट (ल्युकेमियात वाढणाऱ्या कच्च्या पेशी) ५ टक्क्यांच्या आत, पेट स्कॅनमध्ये काखेशिवाय कुठे काही नाही. आणि इथेच आमचं घर अडलंय. काका म्हणतात, "मज्जा साफ आहे ना? मग गाठ काढा आणि मोकळे व्हा." बाई म्हणतात, ही गाठ असली की मॅरोत ब्लास्ट किती आहेत ते न बघता एएमएल धरूनच उपचार करतात, नुसती गाठ काढली किंवा नुसता शेक (रेडिएशन) दिला, तर बहुतेकांना पुढच्या काही महिन्यांत ल्युकेमिया होतोच. मला बाईंचं पटतं. पण दादा काकांच्या शब्दाबाहेर नाही, आणि वहिनी रोज रात्री मला फोन करून रडते.

निदान पक्कं करायला ब्लॉक आणि स्लाइड घेऊन परळला टाटामध्ये जायचं ठरवलंय. ब्लॉक म्हणजे काडेपेटीहून लहान प्लास्टिकची जाळी, वर पांढरं मेण, मध्ये मसुराच्या डाळीएवढा तपकिरी तुकडा. उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळेल, असं लॅबवाल्यांनी बजावलंय. मॅरो स्वच्छ असल्यामुळे ८;२१ ट्रान्सलोकेशन, इन्व्हर्जन १६, एनपीएम१ या जनुकीय तपासण्याही गाठीच्याच तुकड्यावर कराव्या लागणार. एवढासा तुकडा सगळ्याला पुरतो का? कोणती तपासणी आधी करून घ्यावी? पुन्हा बायोप्सी करावीच लागली, तर फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या पेशींवरचे मार्कर मोजणारी तपासणी) थोडा तुकडा फॉर्मलिनमध्ये न टाकता ताजा ठेवा, असं आम्हीच आधी सांगायचं असतं का?

स्लाइड तपासणीला पेशंट सोबत लागतो, की कागदपत्रं घेऊन मी एकटी गेले तरी चालेल? दादाला प्रवासाचा त्रास होतो.

आणि मॅरो स्वच्छ असताना ज्यांच्या घरी हा उपचार झालाय, त्यांनी कृपया लिहा. तज्ज्ञांचं म्हणणं मी काकांना वाचून दाखवलं, त्याने काही झालं नाही. कुणा घरच्या माणसाचं ते ऐकतील असं वाटतं. फोनवर बोलायची तयारी असेल तर व्यनि करा.

थिवीहून रविवारच्या कोकणकन्येचं तिकीट काढलंय. त्याआधी कुणी उत्तर दिलं तर फार आधार होईल.