मदत हवी आहे: गिटमध्ये नऊ कमिटचे तीन कसे करू?

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, इंदिरानगरला राहतो. मी आणि एक मित्र मिळून लासलगावच्या कांदा लिलावाचे रोजचे भाव दाखवणारं छोटं अ‍ॅप करतोय. कोडमधल्या बदलांची नोंद गिटमध्ये ठेवतो. माझ्या ब्रांचवर (मुख्य कोडपासून वेगळी काढलेली फांदी) नऊ कमिट (जतन केलेले बदल) झालेत. मेसेज बघा: ‘बदल’, ‘परत बदल’, ‘आता चालतंय’, ‘कॉमा राहिला होता’. मेन ब्रांचमध्ये हे असं जाऊ नये असं मनापासून वाटतं. सहा महिन्यांनी क्विंटलच्या हिशोबात चूक सापडली, तर नेमका बदल हाती लागायला हवा.

‘गिट रिसेट सॉफ्ट’ने नऊ पावलं मागे गेलं की कोड तसाच राहतो आणि एकच नवा कमिट करता येतो, हे माहीत आहे. पण मला तीन हवेत: डेटा आणणं, हिशोब, स्क्रीन. म्हणून इंटरॅक्टिव्ह रिबेस (कमिटची यादी उघडून ते जोडणं, हलवणं) करून पाहिलं. यादीत सगळ्यात जुना कमिट वर असतो, हे उशिरा लक्षात आलं. दोन्हींनी कमिट आधीच्या कमिटमध्ये मिसळतो, पण ‘स्क्वॉश’ने त्याचा मेसेज राहतो, ‘फिक्सअप’ने गळतो, इथपर्यंत ठीक. ओळी वरखाली केल्या तर तिसऱ्याच कमिटला कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी जुळत नसलेले बदल) आला, मग ‘अ‍ॅबॉर्ट’ करून मागे फिरलो.

खरी अडचण पुढेच आहे. ही ब्रांच पुश झालेली (सर्व्हरवर चढवलेली) आहे, आणि मित्राने त्यावर त्याच्या लॅपटॉपवर दोन कमिट केलेत. त्याला आधी पुश करायला सांगू, की मी ‘फोर्स विथ लीज’ने (सर्व्हरवर मधे दुसऱ्या कुणाचं नवं काही आलं नसेल तरच जुन्याच्या जागी नवं चढवणं) पुश केल्यावर त्याने ‘रिबेस ऑन्टो’ (त्याचे दोन कमिट माझ्या नव्या कमिटवर बसवणं) करायचं? त्याची मेहनत वाया जायला नको. ज्यांनी हे केलंय त्यांनी क्रम सांगा, आज रात्री बसणार आहे.