मदत हवी आहे: एक्सेलमधली लपवलेली शीट डीलरने वाचली

मंडळी, पंपांच्या सुट्या भागांचा घाऊक धंदा आहे, कोल्हापूरला. दर महिन्याला डीलरांना एक्सेलमध्ये दरपत्रक पाठवतो. पिवळ्या खणात नग भरले की दर आणि रक्कम आपोआप येते. ५० नगांपासून दर उतरतो, २०० पासून आणखी. हा हिशेब मागच्या 'मूळ' नावाच्या शीटवरून होतो. खरेदी, भाडं, आमचं मार्जिन, सगळं तिथे. ती शीट हाइड केलेली, वर्कबुकला पासवर्ड, समोरच्या शीटलाही पासवर्ड. पिवळे खण तेवढे मोकळे.

परवा सांगलीच्या एका डीलरचा फोन. "शेठ, इम्पेलर तुम्हाला ४१२ ला पडतोय आणि आम्हाला ५६० ला लावता व्हय?" मी गारच पडलो. आकडा तंतोतंत बरोबर. (भाडं आणि परत आलेला माल त्यात धरलेला नाही, पण ते फोनवर कुणाला पटवणार?) ऑफिसातल्या पोरानं फोडलं असेल म्हणून त्याला उगाच चार शब्द ऐकवले.

पासवर्ड असताना त्याने शीट उघडली कशी? भाचा म्हणतो 'व्हेरी हिडन' असा एक प्रकार असतो, तो करू का? पीडीएफ चालणार नाही, डीलरांना हिशेब फाइलमध्येच लागतो.

प्रतिसाद १
शीट उघडलीच नसेल हो. दराच्या खणावर क्लिक केलं की वर फॉर्म्युला दिसतो ना? त्यात 'मूळ!सी५' असं काहीतरी असणार. तुमच्याच पिवळ्या खणात नगांच्या जागी =मूळ!सी५ लिहून एंटर मारा.

व्हेरी हिडन म्हणजे ऑल्ट + एफ११ दाबून शीटच्या प्रॉपर्टीजमध्ये करायचा बदल. त्याने अनहाइडच्या यादीत नाव येत नाही, एवढंच. ही युक्ती तिथेही चालते.

धागाकर्ता
केलं. नगांच्या खणात ४१२ उभे! पोराला चहा पाजला. आता फॉर्म्युलेच लपवले तर?

प्रतिसाद २
नवख्याला थोपवाल, बाकी कुणाला नाही. एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे मुळात झिप असते. एक्सटेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. प्रत्येक शीट साध्या एक्सएमएल मजकुरात आत पडलेली दिसेल, लपवलेलीसुद्धा. शीटचा पासवर्ड ही त्यातली एक ओळ, ती खोडली की कुलूप गेलं. ही सोय सुरक्षेसाठी नाही हे मायक्रोसॉफ्टच सांगते.

'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' (फाइल उघडायलाच पासवर्ड लागतो) हे खरं कुलूप, पण ते डीलरच्या फाइलला लावून काय उपयोग? किल्ली त्यालाच देणार ना? तुमच्या मूळ फाइलला जरूर लावा. पासवर्ड विसरलात तर मायक्रोसॉफ्टही काढून देत नाही.

आणि लाजू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहिती अधिकाराच्या उत्तरात अशीच फाइल दिली. लपवलेल्या टॅबमध्ये ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांचा तपशील होता आणि ती इंटरनेटवर झळकली. पुढे साडेसात लाख पौंडांचा दंड झाला.

प्रतिसाद १
खरेदी दर डीलरच्या फाइलमध्ये जायलाच नको. तुमच्याकडच्या फाइलमध्ये प्रत्येक मालाचे तीन तयार दर काढा: ५० च्या आतला, ५० ते १९९ चा, २०० पासून पुढचा. कोऱ्या वर्कबुकमध्ये ते पेस्ट स्पेशल करून फक्त व्हॅल्यूज म्हणून चिकटवा. नगांवरून कोणता दर घ्यायचा एवढाच फॉर्म्युला तिथे ठेवा. हे तीन दर डीलरला नाहीतरी कळणारच असतात.

मूळ फाइलला लिंक मात्र देऊ नका. शेवटचे आकडे लिंकसोबत फाइलमध्ये साठून राहतात. पिव्हट टेबलही टाळा, त्याच्या पोटात मूळ डेटा तसाच जाऊ शकतो. पाठवण्याआधी प्रत काढून फाइल → इन्फो → 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवा. लपलेल्या ओळी, रकाने, शीट दाखवतं. प्रतीवरच चालवा, कारण काढून टाकलेलं सगळंच परत येत नाही.

धागाकर्ता
दोघांचे आभार. नवी फाइल केली, झिप करून आत पाहिलं, 'मूळ' कुठेच नाही. इन्स्पेक्टरला दोन लपलेले रकाने सापडले, २०१९ च्या दरांचे. मीच विसरलो होतो. जुन्या फाइली मात्र डीलरांच्या व्हॉट्सॲपवर आहेत, त्या काही परत येत नाहीत.

सांगलीवाला आता इम्पेलर ५०० ला मागतोय. त्यावर एक्सेलमध्ये काही सोय असेल तर तेही सांगा.