अध्यापनाच्या नियोजनात दिव्यांग विद्यार्थ्यांना कसे सामावून घ्यावे?

प्रश्न (सहायक प्राध्यापक, मराठी विभाग)
नमस्कार. आमच्या अनुदानित महाविद्यालयात कला शाखेच्या पदवी वर्गांत दृष्टिहीन व कर्णबधिर विद्यार्थी आहेत. रॅम्प बांधून झाला, लेखनिकाची सोय परीक्षा विभाग पाहतो. परंतु रोजच्या तासाला त्यांच्या पदरात काय पडते, याची विचारपूस आजवर कोणी केलेली नाही. पुढील सत्राच्या नियोजनात त्यांना सहभागी करून घ्यायचे आहे. त्यासाठी प्रश्नावली द्यावी, बैठकीस बोलवावे की आणखी काही करावे?

उत्तर १ (एम. ए. विद्यार्थी, दृष्टिहीन)
सर, प्रश्नावली नको. ‘काही अडचण आहे का?’ असे विचारले की आमच्यापैकी बरेच जण ‘नाही’ म्हणून मोकळे होतात, कारण अंतर्गत गुण विचारणाऱ्याच्याच हाती असतात. त्यापेक्षा आपल्या नोट्सची एखादी फाईल घेऊन अर्धा तास आमच्याशेजारी बसा आणि ती एनव्हीडीएवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर, ऐका. मराठीच्या नोट्स अजूनही पुष्कळदा श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. पडद्यावर देवनागरी दिसत असली, तरी फाईलमध्ये रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असल्यामुळे स्क्रीन रीडर ओवीच्या जागी निरर्थक अक्षरांची माळ वाचत सुटतो. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे तर पानाचे नुसते छायाचित्र. अक्षरओळख करून घेतल्याशिवाय तिच्यातून एक शब्दही ऐकू येत नाही. युनिकोडमध्ये टंकलेली साधी वर्ड फाईल मिळाली, तरी माझा निम्मा त्रास वाचतो.

उत्तर २ (माजी विद्यार्थिनी, श्रवणदोष)
सर्वांच्या वतीने एकच प्रतिनिधी नेमू नये, एवढे मात्र मी सुचवेन. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि एकाची सोय दुसऱ्याची गैरसोय ठरू शकते. फळ्यावर लिहिता लिहिता शिक्षकांनी मोठ्याने बोलावे, ही माझ्या दृष्टिहीन वर्गमित्राची मागणी होती. मला नेमके तेच अडायचे, कारण शिक्षकांचे तोंड फळ्याकडे असले की ओठ दिसत नाहीत. आधी लिहावे, मग वर्गाकडे वळून तेच वाक्य वाचावे, हा तोडगा आम्ही दोघांनी एकत्र बसून काढला. वेगवेगळ्या भेटी झाल्या असत्या, तर तो निघाला असता असे वाटत नाही.

उत्तर ३ (समन्वयक, समान संधी कक्ष)
प्राचार्यांसमोर विषय मांडताना आधार हवा असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा १५ डिसेंबर २०१७ चा निकाल सोबत ठेवावा. शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी आणि पालक यांचा, दिव्यांग विद्यार्थ्यांच्या दैनंदिन गरजा पाहणारा अंतर्गत गट प्रत्येक संस्थेत नेमता येईल का, हे तपासण्याची सूचना त्यात आहे. बैठकीसाठी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची अट मात्र घालू नये. अध्ययन अक्षमता किंवा मानसिक आजार असलेल्या अनेकांकडे ते नसते, आणि असले तरी ते वर्गापुढे उघड करण्याची त्यांची इच्छा नसते. फाईली तपासणे हेही श्रमाचेच काम आहे, त्यामुळे ‘कमवा आणि शिका’ योजनेतून त्याचे मानधन देता येईल का, ते पाहावे. विद्यार्थ्यांकडून फुकट सल्ला घेऊन त्यालाच सहभाग म्हणण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पुस्तकसूची कायम करण्यापूर्वीच बैठक ठेवतो. श्रीलिपीतील जुन्या फाईली परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणल्या, तर चालेल का?

उत्तर १
चालेल, पण रफार आणि जोडाक्षरे बिघडण्याची शक्यता असते. रूपांतर झाल्यावर कोणाकडून तरी मूळ प्रतीशी ताडून घ्या, मग आमच्याकडे पाठवा.