नेट लाइफ सायन्सेस : जुन्या प्रश्नपत्रिका दोनदा सोडवूनही ‘भाग क’ जमत नाही

प्रश्न

नमस्कार. मी एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला असून सीएसआयआर-नेटची (विज्ञान विषयांतील संशोधनवृत्ती व सहायक प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेची) तयारी करीत आहे. मागील काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका दोनदा सोडवल्या आणि दुसऱ्या खेपेस गुणही चांगले मिळाले. परंतु नवी सराव-परीक्षा दिली की ‘भाग क’मधील (विचार करून सोडवायच्या शेवटच्या भागातील) नेमके माझ्याच विषयाचे प्रश्न चुकतात. कालचेच उदाहरण देतो. सबस्ट्रेटचे (एन्झाइम ज्यावर काम करते त्या पदार्थाचे) प्रमाण केएमच्या (ज्या प्रमाणाला वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो, त्याच्या) तिप्पट आहे आणि कॉम्पिटिटिव्ह इन्हिबिटरचे (सबस्ट्रेटच्या जागेसाठी स्पर्धा करून एन्झाइम अडवणाऱ्या पदार्थाचे) प्रमाण केआयएवढे (त्या इन्हिबिटरच्या एन्झाइमला चिकटण्याच्या स्थिरांकाएवढे) आहे, तर अभिक्रियेचा वेग मूळ वेगाच्या किती टक्के राहील, असा प्रश्न होता. मी ५० टक्के लिहिले. उत्तरतालिकेत ८० होते. सूत्र मला पाठ आहे, मग चुकते कुठे?

उत्तर १

सूत्र पाठ असूनही आपण ते वापरलेले दिसत नाही. इन्हिबिटर केआयएवढा म्हणताच ‘निम्मे’ हा शब्द डोक्यात आला असावा, आणि तो काही अगदीच निराधार नव्हे, कारण नॉन-कॉम्पिटिटिव्ह (सबस्ट्रेटशी स्पर्धा न करता दुसरीकडे चिकटणारा) इन्हिबिटर असता तर वेग खरोखरच निम्मा झाला असता. येथे मात्र व्हीमॅक्स (कमाल वेग) तसाच राहतो आणि केएम दुप्पट झाल्यासारखा दिसतो. इन्हिबिटर नसताना वेग व्हीमॅक्सच्या ३/(१+३) = ३/४, म्हणजे ७५ टक्के. तो असताना ३/(२+३) = ३/५, म्हणजे ६० टक्के. साठाला पंचाहत्तरने भागले की ८० टक्के येतात.

दुसऱ्या खेपेचे गुण फारसे मनावर घेऊ नयेत, कारण तेव्हा प्रश्न सुटत नाही, उत्तर आठवते. मी तयारी करताना एका दिवशी दहाच प्रश्न घेत असे आणि उत्तरतालिका उघडण्यापूर्वी प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो का चूक आहे आणि प्रश्नात काय बदलले असता तो बरोबर ठरला असता, हे वहीत एका ओळीत लिहीत असे. काम कंटाळवाणे होते, पण पर्याय कोणत्या गैरसमजावर बेतलेला आहे हे त्यातूनच कळू लागले.

उत्तर २

वरील मताशी मी बराचसा सहमत आहे, पण रोज दहाच प्रश्न सोडवून निवडीचा सराव होत नाही. ‘भाग क’मध्ये ७५ प्रश्नांपैकी २५ सोडवायचे असतात, म्हणजे कोणते पन्नास सोडून द्यायचे हेही तीन तासांतच ठरवावे लागते. त्यासाठी आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवावीच लागते.

शिवाय जुन्या पुस्तकांतील आकडे तपासून घ्यावेत. एका ग्लुकोजपासून ३६ किंवा ३८ एटीपी (पेशीतील ऊर्जा पुरवणारे रेणू) हे आपण बारावीपासून घोकत आलो. आता एनएडीएचमागे २.५ आणि एफएडीएच₂मागे १.५ (हे दोन्ही इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू) धरून, सायटोसोलमधील (पेशीद्रवातील) एनएडीएचचे इलेक्ट्रॉन कोणत्या शटलने (वाहतूक-मार्गाने) मायटोकॉन्ड्रियात जातात त्यानुसार, ३० किंवा ३२ असे उत्तर येते. प्रश्नात शटलचा उल्लेख असेल तर तो शोभेसाठी नसतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. आज वहीची पद्धत वापरून पाहिली. नायट्रोजन-१५मध्ये वाढवलेले जिवाणू नायट्रोजन-१४मध्ये नेले, तर तीन पिढ्यांनंतर डीएनएच्या जड (नायट्रोजन-१५च्या) धाग्यांचे प्रमाण किती, असा प्रश्न होता. मेसेल्सन-स्टाल यांच्या (डीएनएच्या प्रत्येक नव्या रेणूत एक जुना धागा राहतो हे दाखवणाऱ्या) प्रयोगाप्रमाणे आठ रेणूंपैकी दोन हायब्रिड (एक जड, एक हलका धागा असलेले), म्हणून मी २५ टक्के लिहिले. बाकीच्या तिन्ही पर्यायांपुढे कारणेही लिहिली आहेत.

उत्तर १

१२.५ या पर्यायापुढे काय कारण लिहिले आहे, ते पुन्हा एकदा वाचावे. आठ रेणूंचे धागे सोळा होतात आणि त्यांतले जड दोनच. आपण मोजले ते रेणू.