मदत हवी आहे : दुसऱ्या खेपेस कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात कधी निघावे?

नमस्कार. मी सोलापुरात होटगी रस्त्याला राहते आणि माझ्या दुसऱ्या बाळंतपणाची तारीख नेमकी संक्रांतीच्या आसपास, सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आहे. पहिल्या खेपेस रात्रभर कळा सोसूनही गर्भपिशवीचे तोंड फार सावकाश उघडले होते. दुसऱ्या वेळी ते बहुधा लवकर उघडते, जोर देण्याचा काळही कमी असतो, आणि पहिल्या प्रसूतीला साधारण 8 ते 18 तास लागतात तिथे पुढच्या प्रसूतीला 5 ते 12 तास लागतात. सासूबाईंना यात दिलासा वाटतो. मला मात्र याचीच काळजी आहे, कारण आमचा दवाखाना बाळीवेशीकडे असून नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी त्या भागातून गाडी काढणे अवघड होते.

पाच-पाच मिनिटांनी कळा येईपर्यंत थांबणे पहिल्या वेळी ठीक होते. ज्यांची दुसरी प्रसूती नैसर्गिक झाली, त्यांनी कृपया सांगावे की कळांमध्ये किती अंतर असताना आपण घर सोडले, आणि बाळाचे डोके कळा सुरू होईपर्यंत खाली उतरले नव्हते, असे कोणाचे झाले का? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण या भागातल्या ताईंचा अनुभव मला फार मोलाचा वाटतो. शिवाय अशा वेळी मोठ्या मुलाला कोणाकडे ठेवले होते, तेही अवश्य कळवावे.