सिरियलचं बॅकग्राउंड म्युझिक नक्की कुणासाठी असतं?

कृष्णाकाठचा_पोरगा (सांगली)
प्रश्न जरा बावळट आहे पण दोन दिवस डोक्यातनं जात नाहीये म्हणून विचारतो. आमच्याकडं संध्याकाळी सातला टीव्ही लागतो तो दहालाच बंद होतो आणि आई त्यातला निम्मा वेळ आत भाकरी थापत असते, टीव्हीकडं पाठ करून. तरी तिला सगळं कळतं. परवा मी समोर बसून मोबाईल बघत होतो, ती आतनंच म्हणाली "आली बघ ती भवानी, आता लावती काड्या". मी मान वर केली तर खरंच ती बाई दारात उभी, अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं तिनं. नुसतं ढँण ढँण ढँण वाजलेलं.

मी रात्री हेडफोन घालून वेबसिरीज बघणारा माणूस. चेर्नोबिल (अणुभट्टीच्या स्फोटावरची इंग्रजी मालिका) बघताना मला पहिले दोन एपिसोड कळलंच नाही की म्युझिक वाजतंय, नुसती घरघर, तरी पोटात गोळा. मग आपल्या सिरियलवाल्यांना एवढं बडवायला का लागतं राव? बजेट नसतं का प्रेक्षकाला येडा समजतात? (टायटल साँगबद्दल बोलत नाहीये, सीनच्या मागं वाजतं त्याबद्दल.)

विट्याचा_एडिटर
मुंबईत दोन वर्षं डेली सोपच्या एडिटला होतो, आता गावाकडं लग्नाचे व्हिडिओ करतो, त्यामुळं निवांत सांगतो. आठवड्याला सहा एपिसोड जातात भावा. आज कापलेला एपिसोड कधी कधी उद्याच टेलिकास्ट. प्रत्येक सीनला नवीन म्युझिक कोण बसवणार? म्हणून सुरुवातीलाच संगीतकाराकडनं तयार तुकड्यांची एक बँक करून घेतात, टायटल साँगचीच चाल बासरीवर हळू वाजवली की दुःख, व्हायोलिनवर घेतली की प्रेम, खलनायिकेचा एक तुकडा, कॉमेडीचं ते टुंग टुंग, आणि ब्रेकच्या आधीचे झटके वेगळे. मग पुढं वर्षानुवर्षं तेच तुकडे फिरवायचे. आमच्या हार्डडिस्कवर एका फोल्डरचं नावच "सासू एंट्री" होतं, खोटं नाही सांगत.

आणि रिकामी जागा सोडायचीच नाही असा दम असायचा. तीन सेकंद शांतता गेली की वरनं फोन, आवाज गेलाय का म्हणून.

हरिपूरची_हळद
चेर्नोबिलचं उदाहरण घेतलंस ते बरं केलंस कारण ती घरघर म्हणजेच म्युझिक आहे. हिल्डुर गुडनादोत्तिर नावाची आइसलँडची संगीतकार बाई, ती लिथुआनियातल्या बंद पडलेल्या अणुभट्टीत गेली, तिथले पंप, दरवाजे, खोल्यांमधला घुमणारा आवाज सगळं रेकॉर्ड केलं आणि त्यातनंच पार्श्वसंगीत उभं केलं, वर स्वतःचा गळा. २०१९ ला एमी (टीव्हीचा मोठा अमेरिकन पुरस्कार) मिळालं तिला त्याच कामासाठी. आता पाच एपिसोडच्या मालिकेला हे परवडतं, पाचशे एपिसोडवाल्याला कसं परवडणार.

पण थांबून वापरायचं तर तेही शिकण्यासारखं आहे. गेम ऑफ थ्रोन्स मालिकेत संगीतकार रमीन जवादीनं जवळपास सहा सीझन पियानो लावलाच नाही, आणि २०१६ ला सहाव्याच्या शेवटच्या एपिसोडला पियानोचे चार सूर ऐकू आले की बघणारा आपोआप ताठ बसतो, काहीतरी वेगळं होणार हे कानाला आधी कळतं. म्हणजे तुझ्या आईला कळतं तसंच की! फरक एवढाच की तिथं त्यांनी ते राखून वापरलं आणि इथं रोज साडेआठला वापरतात.

आपल्याकडं पण आहे, स्कॅम १९९२ या शेअर घोटाळ्यावरच्या वेबसिरीजची अचिंत ठक्करची धून २०२० साली ज्याच्या त्याच्या रिंगटोनवर होती, आमच्या हळदीच्या अडत्याच्यासुद्धा. भाव वाढला की तोंडानं वाजवायचा.

जुना_क्यूवाला (मिरज)
मी राज्य नाट्य स्पर्धेला पंधरा-वीस नाटकांना पार्श्वसंगीत वाजवलंय, कॅसेटच्या जमान्यापासनं, क्यू, म्हणजे म्युझिक सुरू करायची नेमकी जागा, लावायला पेन्सिल घालून रीळ फिरवायचं ते दिवस. भावे नाट्यमंदिरात एकदा डेक अडकला आणि मरणाचा सीन पूर्ण कोरडा गेला. मी विंगेत घाम पुसतोय आणि प्रेक्षागृहात पंख्याचा आवाज ऐकू येईल एवढी शांतता. दिग्दर्शक नंतर म्हणाला उद्यापासनं असंच ठेव.

पण टीव्हीला हे चालत नाही आणि त्यात सिरियलवाल्यांचा सगळा दोष नाही असं माझं मत. नाटकाला माणूस तिकीट काढून अंधारात बसतो, तुम्ही हेडफोन घालता ते पण तसंच. सिरियल कुकरच्या शिट्टीशी भांडत असते. घरात बघणारा एक आणि ऐकणारे चार. ते म्युझिक त्या चौघांसाठी असतं, म्हणून ठरलेलं लागतं, पाडव्याची सनई कशी, लांबनं ऐकली तरी कळतं काय चाललंय.

मला राग येतो तो सारंगीचा. दुखवटा असला की रेडिओवर सारंगी लागायची, त्यामुळं आमच्या पिढीच्या कानात सारंगी म्हणजे कोणतरी गेलं. सिरियलवाल्यांनी तेच उचललं, तेही कीबोर्डवरची खोटी सारंगी. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, बातम्या आल्या, पण सिरियलमध्ये खरा तंबोरा कधी ऐकलाय का कुणी? एक तंबोरा नुसता मागं ठेवला तरी निम्मं काम होतंय.

गप्प_बस_रे
एवढं कशाला, म्यूट करून सबटायटल वाचा.

विट्याचा_एडिटर
@जुना_क्यूवाला काका तंबोरा लावला तर ब्रेकनंतर बाई परत आलेली कळणार कशी 😄
@कृष्णाकाठचा_पोरगा लैच त्रास होत असेल तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जा, क्लिअर व्हॉइस नाहीतर डायलॉग असं काहीतरी असतं, कंपनीनुसार नाव बदलतं. बोलण्याचा आवाज उचलतं आणि बाकीचं मागं ढकलतं. वेबसिरीज टीव्हीवर बघत असशील तर ऑडिओत ५.१ (सहा स्पीकरसाठीचा आवाज) ऐवजी स्टीरिओ (दोन स्पीकरचा) निवडून बघ, ५.१ मध्ये डायलॉग मधल्या स्पीकरला असतात आणि आपल्या टीव्हीला तो स्पीकर नसतो, मग म्युझिक धाडधाड आणि माणसं कुजबुजतात.

कृष्णाकाठचा_पोरगा (सांगली)
काल संध्याकाळी क्लिअर व्हॉइस चालू केलं. मस्त, डायलॉग स्वच्छ, ढँण ढँण पार मागं गेलं, मी खूश. दहा मिनिटांनी आई पिठाच्या हातानं बाहेर आली, "काय केलंयस रे टीव्हीला, नुसती बडबड ऐकू यायलीय, कोण आलं कोण गेलं कायसुद्धा कळंना".

बंद केलं परत.